पाठ नसलेली सायकल

"पाठ टेकून कधी ताकद येती का, वस्ताद?"

याला प्रश्न म्हणायचं असेल तर म्हणा. जोतीराम पैलवान प्रश्न विचारत नाही, ऐकवतो.

दस्तगीर वस्ताद तालमीच्या उंबऱ्याजवळ भिजवलेले बदाम सोलत बसले होते. त्यांनी हातातला बदाम सोलला, वाटीत टाकला.

"टेकून बघितलंस?"

"न्हाई."

"मग कशावरनं म्हणतोस?"

"पैलवानाची पाठ हाय ही, वस्ताद. टेकायला न्हाई."

वस्तादांनी दुसरा बदाम उचलला...

मी आतल्याच कट्ट्यावर, त्यांच्या समोर होतो. माझा उभा जन्म मैदानात कुस्त्यांचं निवेदन करण्यात गेला. हलगीवर आवाज चढवून चढवून घसा कामातून गेला. आता डॉक्टर म्हणतात, कमी बोला. म्हणून हे थोडक्यात सांगतो. मध्ये कुणी 'मग? मग?' करू नये.

जोतीराम घोलप आमच्या वारणाकाठचा. एकाही मैदानात त्याच्या पाठीला अजून माती लागलेली नाही. हे मी सांगायची गरज नाही, तोच सांगतो. न विचारता सांगतो.

मागच्या जत्रेत ऐन कुस्तीत त्याचा गुडघा फिरला. तशा गुडघ्यावर त्यानं समोरच्याला चीत केलं आणि मग स्वतःला उठता येईना. खांद्यावरून नेला. लोकांना वाटलं मिरवणूक निघाली. मी जवळ होतो, मला त्याचे दात वाजताना ऐकू आले.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. सांगलीच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "मांडी भरू दे. मांडी भरली की ती गुडघ्याला सांभाळते. तोवर मातीत उतरायचं नाही. उतरलास, आणि पुन्हा तुटलं, तर कुस्ती विसरायची."

आणि मांडी भरायला बाईंनी सायकल सांगितली. साधी नाही, टेकून बसायची.

योगायोग बघा, तशी एक तालमीत होतीच. कारखान्यातले एक निवृत्त साहेब लेकीकडे राहायला गेले, तेव्हा जाताना देऊन गेले. तोवर पोरं तिच्यावर टॉवेल वाळत घालत होती.

तिची तऱ्हा अशी. बसायला रुंद खुर्ची, खुर्चीला टेकायला पाठ. धरायला मुठी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना. पायडल मात्र बुडाखाली नाहीत, समोर. पाय पुढे लांबवून मारायचे. पायडल जोडलेल्या गोल डब्यात एक जड चाक, आणि खाली नुसता दांडा, कारण सायकलीला कुठं जायचंच नसतं. अंगाचा भार सगळा खुर्चीवर, गुडघ्यावर काही नाही. पायांनी फक्त ढकलायचं.

आता ती ठेवायची कुठं, यावरून तालमीत दोन दिवस खल झाला.

कारण टेकून पाय लांब केले की पाय कुणाकडे तरी होणार. एका भिंतीला मारुती. एका भिंतीला पीराचा कोनाडा. मध्ये हौदा, तांबड्या मातीचा, आणि मातीकडे पाय करणारा आमच्या तालमीत अजून जन्मायचाय. उरला दरवाजा. म्हणून सायकलीचं तोंड दरवाजाकडे केलं. पाठ हौद्याकडे, अगदी काठाला लागून.

देवांची सोय झाली, जोतीरामची पंचाईत झाली. दरवाजा रस्त्यावर उघडतो. डेअरीला जाणारं सगळं गाव आत बघत जातं. आणि आत काय दिसणार? न हरलेला पैलवान, आरामात पाठ टेकून पडलेला.

जोतीरामनं पहिल्याच दिवशी पाना घेतला आणि सायकलीची पाठ नट काढून सोडवली. भिंतीला उभी करून ठेवली. तेव्हापासून तो नुसत्या बैठकीवर ताठ बसून पायडल मारत होता. सकाळ-संध्याकाळ, घामानं निथळेपर्यंत.

वस्ताद बघत होते. बोलत नव्हते. त्यांचा स्वभावच तो, त्याला आपण काय करणार.

"मांडी काय भरंना," जोतीराम म्हणाला. "हे यंत्रच खोटं हाय. म्हातारी माणसं पाय हलवत बसत्यात, त्यातला परकार."

"बरं."

"म्हणून सांगायला आलोय. उद्या सकाळी मी लंगोट लावतो. मातीत उतरतो."

वस्तादांचे हात थांबले.

 त्या गुडघ्यावर हा उद्या उतरणार, तिथल्या तिथं तो गुडघा जाणार, आणि चोविसाव्या वर्षी हा पोरगा काठी घेऊन कट्ट्यावर माझ्या शेजारी बसणार. मला ते चित्र दिसलंच. मी बोलायला तोंड उघडलं.

वस्तादांनी माझ्याकडे नुसतं बघितलं... मी तोंड मिटलं.

"सांगायला आलायस, का इचारायला?"

"सांगायला."

"मग झालं तर. उतर उद्या." वस्तादांनी बदामाची वाटी बाजूला सरकवली. "आज तेवढी एकदा सायकल मारून दाव."

जोतीराम बसला. ताठ. छाती पुढे, मान वर. दोन्ही मुठी आवळल्या आणि सुरू झाला.

खरं सांगतो, बघायला रुबाबदार दिसत होता.

"भार वाढीव," वस्ताद म्हणाले.

त्यानं बटण फिरवून भार वाढवला. आता पाय पुढे ढकलला की बूड मागे सरकायचं. बूड मागे सरकलं की मुठींना ओढून पुढे यायचं. पुन्हा ढकलायचं, पुन्हा सरकायचं. दंडाच्या शिरा टरारून वर आल्या.

"थांब."

वस्ताद त्याच्याजवळ गेले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण बोटं अजून पकडीची. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मांडी धरून बघितली. मग दंड धरून बघितला.

"कमाई कुठं झालीय?"

जोतीरामनं स्वतःच्या मांडीकडे बघितलं.

"दंड झकास झाल्यात. गुडघा काय दंडात असतोय?"

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

"वस्ताद, तुमाला म्हणून सांगतो." जोतीराम आता तावातावानं बोलायला लागला. "ह्या डब्यात कोण बसलंय काय ठावं. मी जोर वाढीवला की ह्यो बी वाढीवतोय. मी जोरात फिरीवलं की आणखी अडीवतोय. हरंल कवा ह्यो?"

"लोहचुंबक हाय आत."

"तुमाला काय ठावं?"

"खोलून बघितला की." सकाळी चहा घेतला म्हणावं, तितक्या सहज वस्ताद म्हणाले. "जोड लावायच्या आदी समोरचा पैलवान बघाय नको? माझा पोरगा कुणासंगं धरायला बसवतोय ते मला कळाय नको?"

जोतीराम जरा वरमला. वस्तादांनी त्याच्यासाठी आजवर केलेलं हेच होतं. प्रत्येक मैदानाच्या आधी समोरच्याची उंची, डाव, खोड सगळं बघून यायचे. सायकलीच्या बाबतीतही बघून आले होते.

"मग... कसा हाय?"

"भला हाय. चाकाच्या कडेला उभा ऱ्हातोय. चाकाला शिवत न्हाई."

"शिवत न्हाई?"

"केसभर बी न्हाई. बटण फिरीवलं की जवळ सरकतोय, एवढंच."

"शिवत न्हाई तर अडीवतो कसा?"

"तू फिरीवतोस म्हणून. तू जोरात, तो जोरात. तू हळू, तो हळू. तू थांबलास की त्याची ताकद संपली. ढिम्म."

"म्हणजे..."

"म्हणजे त्याच्याकडं स्वताचं काय न्हाई. तुझंच तुला देतोय."

जोतीराम डब्याकडे बघत राहिला. मी पण. मैदानात मी भल्याभल्यांची वर्णनं केली, पण असा पैलवान माझ्या बघण्यात नव्हता.

"त्याला हरवायचा न्हाई व्हय मग?"

"कशाला? मांडी भरून झाली की घरी जायचं."

"भरत न्हाई म्हणून तर सांगतोय."

"पुढं ढकलायचं तर मागं कुणीतरी पायजे, जोत्या. तुझ्या मागं कोण न्हाई, म्हणून तू हातानं लोंबकळतोस. जोर पायात जाईल कसा?"

"मी टेकणार न्हाई."

"का?"

"लोक बघत्यात."

"आत्ता कोण हाय हितं?"

"हे आण्णा हायती की." त्यानं माझ्याकडे हनुवटी केली. "ह्यांनी बघितलं म्हणजे गावानं बघितलं."

गावात माझ्या तोंडाबद्दल काय मत आहे ते मला माहीत आहे. ते चूक आहे असंही मी म्हणत नाही.

वस्तादांनी बदाम सोलायला घेतलेलं लाकडी स्टूल उचललं. हौद्याच्या काठाशी वाकले, बोटानं माती घेतली, कपाळाला लावली. मग हौद्यात उतरले आणि ते स्टूल सायकलीच्या बरोबर मागे मातीत रोवलं. त्यावर बसले. दरवाजाकडे पाठ, मारुतीकडे तोंड. आणि स्वतःची पाठ जोतीरामच्या पाठीला लावली.

"मार आता."

"वस्ताद, हे काय..."

"मार म्हणतोय न्हवं."

"तुमाला लागंल."

"माझं मी बघतो. तू जोर दे."

जोतीरामनं भीत भीत पायडल मारलं. म्हाताऱ्याच्या पाठीवर जोर द्यायचा, त्यातही वस्तादांच्या. त्याचा चेहरा मला दिसत होता. देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा झाला होता.

"खाल्लं न्हाईस का आज?"

जोतीरामनं जोर वाढवला. वस्तादांनी मातीत पाय रोवले. स्टूल थोडं रुतलं आणि थांबलं.

आणि चाक घुमायला लागलं. इतक्या दिवसांत त्या डब्यातून तसा आवाज आला नव्हता. एकसारखा, भरलेला. जोतीरामच्या मुठी आपोआप सैल पडल्या. गुडघ्याच्या वरचा मांडीचा भाग, ऑपरेशननंतर वाळून गेलेला, तो थरथरायला लागला.

"दुखतंय?"

"गुडघा न्हाई. मांडी जळतीया."

"जळू दे. पायडलाला किती जोर देतोस?"

"लई."

"मला बी तेवढाच लागतोय."

थोडा वेळ नुसतं चाक फिरत होतं... पाठीला पाठ लावून दोघं. एक दरवाजाकडे बघतोय, एक मारुतीकडे.

"जोत्या."

"जी."

"तुझी पाठ माझ्या पाठीला लागली. माझी तुझ्या पाठीला लागली. हरलं कोण?"

जोतीरामनं आणखी चार फेरे मारले.

"ह्याला काय कुस्ती म्हणत न्हाईत, वस्ताद."

"मग सायकलीला कोण म्हणतंय?"

हे त्याला लागलं. मला दिसलं लागलेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं भार आणखी वाढवला आणि दात आवळून पायडलांवर तुटून पडला. सगळा राग पायात, आणि सगळा पाय मागे वस्तादांवर.

वस्ताद उठले.

उठले म्हणजे, एका हातानं स्टूल ओढत बाजूला झाले. पुढचं फार लवकर झालं. जोतीरामचे दोन्ही पाय पायडलांवरून निसटून वर गेले, धड मागे गेलं, आणि तो हौद्यात उताणा, आढ्याकडे तोंड करून पडला. मानेखाली वस्तादांचा तळवा होता. तो कधी तिथं आला ते मी सांगू शकत नाही.

खांदे टेकले. पाठ टेकली. कंबर टेकली. मऊ, ताक-तेल मुरवलेल्या तांबड्या मातीत, पूर्ण.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. जन्माची सवय हो, काय करणार.

"चितपट!"

बंद घशातून निघालेला तो आवाज आढ्यापर्यंत गेला आणि परत आला. 

मी उठून उभा राहिलो. आता हा पोरगा उठणार आणि माझी मानगूट धरणार. माझं वय बघता पळण्यात अर्थ नव्हता.

जोतीराम उठला नाही.

तो तसाच पडून होता. पाय सायकलीच्या बैठकीवर, पाठ मातीत. त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले. बोटं मातीत घातली. मूठ भरून माती घेतली आणि छातीवर सोडली. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली.

"लागलं का कुठं?" वस्तादांनी विचारलं.

 त्याच्या डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे चाललं होतं.

"जोत्या, उठ."

"थांबा की वस्ताद..." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "किती म्हैन्यांनी माती लागलीया."

मला तेव्हा कळलं. सायकल मारायला लागल्यापासून हा पोरगा रोज या हौद्याच्या काठावर, मातीकडे पाठ करून बसत होता. वितीभर अंतरावर. दुसऱ्या पोरांचे शड्डू ऐकत, तोंड रस्त्याकडे करून. मला फार वाईट वाटलं त्याच्यासाठी.

वस्ताद त्याच्या उशाशी मातीत बसले ते बसूनच राहिले.

मग जोतीरामचं पोट हलायला लागलं. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"आण्णा," तो पडल्या पडल्या म्हणाला, "डाव कुठला म्हणायचा ह्यो?"

"खुर्चीडाव," मी म्हणालो.

वस्तादांना हसू आवरेना. ते आवाज न करता हसतात, फक्त खांदे हलतात. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मी हसलो तो खोकत खोकत. डॉक्टरांना सांगू नका.

जोतीराम उठला. पाठ पुसली नाही. भिंतीकडे गेला, सायकलीची पाठ उचलून आणली, पाना शोधला. मग इकडेतिकडे बघायला लागला.

"नट?"

वस्तादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि नट काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"तुमच्याकडं कवापासनं?"

"तू काढून टाकलंस तवापासनं. मातीत जाऊन कुणाच्या पायात शिरलं असतं."

"मग बोलला का न्हाई मला?"

"बोलून नट बसत असतंय व्हय?"

जोतीरामनं पाठ बसवली. घट्ट आवळली. वस्तादांनी खालची दांडी सोडवून खुर्ची जरा पुढे घेतली. पाय पुढे गेला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, काठीसारखा ताठ नको, असं बाईंनी सांगितलं होतं. जोतीरामनं तेही ऐकलं नव्हतं. उंच पैलवानाची खुर्ची मागेच पाहिजे, असं त्याचं शास्त्र.

तो बसला. मागे रेलला. मातीनं भरलेली पाठ त्या काळ्या रेक्झिनला लागली आणि त्याच्या तोंडून नकळत "आं" असं निघालं. मुठी नुसत्या धरल्या. पायडल मारलं.

चाक घुमलं.

एवढ्यात रस्त्यावरून सर्जेराव चालला होता, दुधाची किटली घेऊन. पलीकडच्या तालमीचा माणूस. त्याच्या पुतण्याला जोतीरामनं दोनदा चीत केलेलं. आत बघितलं आणि थबकला. कितीतरी दिवस याच घटकेची वाट बघत असावा.

"काय पैलवान," दारातून म्हणाला, "टेकला म्हणायचा की."

मी जोतीरामकडे बघितलं.

"टेकलो की," जोतीराम पायडल मारत म्हणाला. "मघाशी मातीत बी टेकलो. आण्णांनी पुकारलं सुदीक. या, बसा, बदाम खा."

सर्जेराव हसायची सगळी तयारी करून थांबला होता. आता हसावं कशाला ते त्याला सुचेना. किटली या हातातून त्या हातात घेतली, "चालू दे, चालू दे," म्हणाला आणि डेअरीकडे गेला.

वस्ताद स्टूल घेऊन पुन्हा उंबऱ्याजवळ आले. उरलेले बदाम सोलायला घेतले. सोललेल्या बदामांची वाटी त्यांनी जोतीरामच्या हाताला येईल अशी ठेवली.

"उद्या लंगोट लावणार होतास न्हवं?"

"बाई म्हणतील तवा लावीन."

"बरं."

उन्हं दारातून आत आली होती. जोतीराम मारत होता. फार जोरात नाही, फार हळू नाही. त्याचा तो आवळलेला जबडा सुटला होता, आणि मला तो त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या वयाचा वाटला.

थोड्या वेळानं त्यानं मान न वळवता हाक मारली.

"वस्ताद."

"हं."

"आन् उद्या बरा झालो, मैदानात उतरलो... आन् सगळ्या गावासमोर खरीच पाठ लागली तर?"

हे त्यानं इतक्या हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं. गुडघा, मांडी, सायकल, सगळ्याच्या तळाशी हेच बसलं होतं तर. जत्रेपासून पोरगा हेच गिळून होता.

वस्तादांनी हातातला बदाम सोलून पूर्ण केला. वाटीत टाकला...

"लागू दे की, लेका. मातीनं तरी किती वाट बघायची?"